एक्सेलमध्ये मॅक्रोने मराठी यादी साफ करताना या चुका टाळा

तीन-चार जणांनी मिळून टाइप केलेली सभासदांची यादी हातात आली की मॅक्रोसारखा, म्हणजे एक्सेलकडून ठरलेली कामं आपोआप करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामसारखा, आधार नाही. दिवसभराचं काम मिनिटात होतं. पण हाताने चूक केली तर एका रांगेत होते, मॅक्रोची चूक एकदम सगळ्या रांगांत होते. शिवाय मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की एक्सेल अनडूची नोंदच पुसून टाकतं, कंट्रोल-झेड दाबून काही परत येत नाही. म्हणून मॅक्रोचं पहिलं काम एकच ठेवा: मूळ शीटची कॉपी करून तिला 'मूळ' असं नाव देणं. मग साफसफाई कितीही बिघडली तरी 'मूळ' शीट शाबूत राहील.

कोडमध्ये थेट मराठी लिहिणं

ही चूक मी स्वतः केली आहे. एका पतसंस्थेच्या यादीत काही नावांआधी 'श्री' होतं, काहींआधी नव्हतं. 'श्री' शोधून काढून टाकायचं, एवढंच काम. कोड लिहायच्या खिडकीत 'श्री' पेस्ट केलं तर तिथे चार प्रश्नचिन्हं उमटली. मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएच्या एडिटरला बहुतेक संगणकांवर देवनागरी लिहिता येत नाही. मला वाटलं, दिसायलाच तसं असेल, आत 'श्री'च असणार. मॅक्रो चालवला.

आत खरोखरच प्रश्नचिन्हं होती. आणि एक्सेलच्या रिप्लेसमध्ये प्रश्नचिन्हाचा अर्थ 'कोणतंही एक अक्षर' असा असतो. म्हणजे मी सांगितलं होतं, कुठलीही चार अक्षरं दिसली की पुसून टाक. मोबाइल क्रमांकांचे दहातले शेवटचे दोन आकडे उरले. कित्येक नावांचे सेल पूर्ण कोरे झाले. मूळ फाइल ईमेलमध्ये होती म्हणून निभावलं.

उपाय सोपा आहे. 'यादी' नावाची एक वेगळी शीट करा. पहिल्या कॉलममध्ये काय शोधायचं, दुसऱ्यात त्या जागी काय घालायचं, हे लिहा. मॅक्रोने शब्द तिथून वाचायचे. कोडमध्ये एकही मराठी अक्षर लागत नाही, आणि ऑफिसातल्या ज्यांना कोड येत नाही त्यांनाही यादीत भर घालता येते.

न दिसणारी सगळी चिन्हं सरसकट काढणं

वेबपेजवरून किंवा पीडीएफमधून आलेल्या मजकुरात न दिसणारी चिन्हं असतात. जादा स्पेस काढणारं ट्रिम हे फंक्शन त्यांना हात लावत नाही. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेसही ट्रिमने जात नाही, ती रिप्लेस करून साध्या स्पेसमध्ये बदलावी लागते. आणखी एक: व्हीबीएचं ट्रिम फक्त कडेच्या स्पेस काढतं. नावाच्या मधल्या दोन-तीन स्पेसची एक करायची असेल तर वर्कशीट फंक्शनमधलं ट्रिम वापरा.

८२०३ क्रमांकाचं चिन्ह, म्हणजे शून्य रुंदीची स्पेस, बिनधास्त काढा. ८२०५ मात्र जपून. ते जोडणारं चिन्ह आहे आणि बऱ्याच जुन्या टायपिंगमध्ये आपला अर्धा 'ऱ' त्याच्याच जोरावर उभा असतो. ते काढलं की कऱ्हाडचं 'कर्हाड' होतं आणि आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांना जातात! आधी २३५२, २३८१, ८२०५ (र, हलन्त, जोडणारं चिन्ह) हा क्रम शोधून त्या जागी २३५३, २३८१ (ऱ, हलन्त) घाला, मग उरलेली ८२०५ काढा. कोडमध्ये हे आकडे सीएचआरडब्ल्यू फंक्शनने देता येतात. यामुळे 'ऱ' दोन तऱ्हांनी टाइप झालेली आडनावंही एकसारखी होतात. नाहीतर डोळ्यांना एकच दिसणारं आडनाव मॅक्रोला दोन वेगळी वाटतात.

यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली असेल तर आधी ती युनिकोडमध्ये आणा. तशा मजकुरावर इंग्रजी अक्षरं लहान-मोठी करणारा मॅक्रो चालवला तर शब्दच बदलतात.

तारखा आणि क्रमांक

०५.०३.२०२४ मधले टिंब काढून तिरकी रेघ घालायची. आपल्याकडच्या सेटिंगवर हाताने केलं तर ५ मार्च मिळतो. तेच मॅक्रोने केलं तर ३ मे, कारण तिथे तारीख अमेरिकी पद्धतीने वाचली जाते. उलटतात त्या फक्त १२ तारखेपर्यंतच्या, म्हणून वरवर चाळताना लक्षात येत नाही. टिंबावर तुकडे करा आणि डेटसीरियल या फंक्शनला वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे द्या.

गट क्रमांक ५/२ टाइप केला की ५ फेब्रुवारी होतो, आणि मूळ काय होतं ते नंतर कुठलाही मॅक्रो खात्रीने सांगू शकत नाही. एक्सेल आकड्याचे १५ अंकच जपतं, म्हणून १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. हे कॉलम माहिती भरण्याआधीच टेक्स्ट करून ठेवा.

रिकाम्या रांगा वरून खाली काढणं

पाचवी रांग काढली की सहावी पाचव्या जागी येते आणि लूप (एकेक रांग तपासत जाणारा कोडचा भाग) पुढच्या सहाव्याकडे जातो. लागोपाठ दोन रिकाम्या असतील तर एक राहतेच. लूप शेवटून वर चालवा, स्टेप उणे एक. रांगेचा क्रमांक लाँग या, मोठे आकडे मावणाऱ्या प्रकारात ठेवा. इंटिजर हा प्रकार ३२,७६७ च्या पुढे गेला की ओव्हरफ्लोची चूक येते.

चुका दडपणं

'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (चूक आली तरी पुढे चल) ही ओळ मॅक्रोच्या वर लिहिली की मॅक्रो कुठेच थांबत नाही, पण काय सुटलं तेही कळत नाही. नोंदी गुपचूप सुटल्या की काय होतं ते पाहा: इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोनाच्या १५,८४१ नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढच्या रांगा मावत नाहीत. मॅक्रोच्या सुरुवातीला आणि शेवटी भरलेल्या रांगा मोजा, रकमेच्या कॉलमची बेरीज घ्या आणि दोन्ही आकडे मेसेज बॉक्समध्ये दाखवा.

मॅक्रो चालतच नाही

फाइल एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह केली असेल तर मॅक्रो तिच्यात राहिलेलाच नाही, एक्सएलएसएम निवडा. फाइल ईमेलने आली असेल आणि वर लाल पट्टी दिसत असेल, तर ती कुणी पाठवली ते आधी फोन करून विचारा. खात्री पटली की फाइल बंद करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि खाली अनब्लॉकवर टिक.