ताडपत्री न वाटणाऱ्यांचं काम: मदतकार्याच्या समन्वयात येऊ पाहणाऱ्यांसाठी

पहिलं सांगून टाकते. मोठ्या आपत्तीनंतर परदेशातून जी मदत येते, तिच्या समन्वयाचं काम करणाऱ्याच्या हातून बहुधा एकही ताडपत्री कुणाला दिली जात नाही. २०१५ च्या भूकंपानंतर मी नेपाळमध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या माहिती विभागात होते. घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आज कुठे वाटप केलंस?" मी आपली दिवसभर एक्सेल उघडून बसलेली. ज्यांना पोतं खांद्यावर घेऊन गावात उतरायचंय त्यांनी जरूर उतरावं, पण ते काम वेगळं आणि हे वेगळं.

२५ एप्रिल २०१५, दुपारी बाराला चार मिनिटं कमी. ७.८ तीव्रतेचा धक्का, केंद्र गोरखा जिल्ह्यात. शनिवार ही नेपाळची साप्ताहिक सुटी, शाळा बंद होत्या म्हणून पुष्कळ मुलं वाचली. तरी जवळपास ९,००० माणसं गेली आणि पाच लाखांच्या घरात घरं पडली. डोंगरातली घरं दगड-मातीची, १९९३ साली किल्लारीत पडली त्याच जातीची. आणि मग अख्खं जग काठमांडूच्या एकाच धावपट्टीवर उतरायला निघालं. ३ मेपासून १९६ टनांवरच्या विमानांना बंदी घालावी लागली, कारण धावपट्टी उखडायला लागली होती. नशीब एवढंच की विमानतळालगत मदतसामान उतरवून ठेवायचा तळ जागतिक अन्न कार्यक्रमाने आणि नेपाळ सरकारने भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी तयार केला होता. हे असलं आधीच करून ठेवलेलं काम बातमीत येत नाही. ढिगारा उपसणारी परदेशी पथकं मात्र सगळ्या वाहिन्यांवर दिसली, आणि त्यांनी जिवंत बाहेर काढलेली माणसं वीसच्याही आत होती. बाकीच्यांना शेजाऱ्यांनी, पोलिसांनी आणि नेपाळी सैन्याने काढलं.

आता व्यवस्था. संयुक्त राष्ट्रांचं 'ओचा' नावाचं समन्वय कार्यालय असतं, त्याची मुळं आमसभेच्या १९९१ च्या ठरावात आहेत. २००५ नंतर कामाच्या विषयानुसार 'क्लस्टर', म्हणजे संस्थांचे गट, आले. निवाऱ्याचा एक, पाणी-स्वच्छतेचा एक, आरोग्याचा एक, वाहतूक-गोदामांचा एक. नेपाळमध्ये प्रत्येक क्लस्टरच्या डोक्यावर सरकारचं खातं आणि सोबतीला एक आंतरराष्ट्रीय संस्था अशी जोडी होती. आरोग्य मंत्रालयाबरोबर जागतिक आरोग्य संघटना, निवाऱ्याला नगरविकास खात्याबरोबर रेडक्रॉसचा आंतरराष्ट्रीय महासंघ. कागदावर हे फार सुबक दिसतं. प्रत्यक्षात लक्षात ठेवायची गोष्ट एकच: समन्वय करणाऱ्याचा हुकूम कोणावरही चालत नाही. संस्थेचा पैसा तिच्या देणगीदाराचा, माणसं तिची, ट्रक तिचा. ती तुमच्या बैठकीला येते कारण तिथे तिला काहीतरी मिळतं. मिळायचं बंद झालं की ती यायची बंद होते, आणि तुम्ही रिकाम्या खुर्च्यांचं इतिवृत्त लिहीत बसता.

तिला मिळतं ते म्हणजे तक्ता. कोण, काय, कुठे, कधी. चार रकाने, आणि सगळी अक्कल या चार रकान्यांत लागते.

'कुठे' घ्या. सगळ्यात जास्त मृत्यू सिंधुपाल्चोक जिल्ह्यात झाले. जिल्हा पातळीवरचा तक्ता पाहिला तर तिथे संस्थांची गर्दी. गावपातळीवर फोडला की दिसायचं, गर्दी आहे ती चौतारा या जिल्ह्याच्या ठिकाणी आणि अरनिको महामार्गाच्या कडेला. जिथे गाडी जाते तिथे मदत जाते. वर, जिथे रस्ता दरडीखाली गेला, तिथले रकाने कोरे. तेव्हा नेपाळात 'गाविस' होत्या, म्हणजे गाव विकास समित्या, आणि प्रत्येकीत नऊ वॉर्ड. वॉर्डापर्यंतची माहिती मागितली की संस्था कुरकुरतात, पण जिल्ह्याचा आकडा घेऊन तुम्ही समाधानी राहिलात तर तुमचा तक्ता खोटं बोलतो, तेही रंगीत नकाशासकट. गावांच्या नावांचं स्पेलिंग रोमन लिपीत तीन-तीन प्रकारे येतं, म्हणून प्रत्येक गावाला ठरलेला सांकेतिक क्रमांक असतो. तो वापरा, नावावर कधी जुळवणी करू नका.

'काय' आणि 'कधी' यांत दुसरी गोम. "आम्ही ५,००० कुटुंबांना ताडपत्र्या दिल्या" असा मेल येतो. दिल्या, की द्यायच्या ठरल्यात, की विमानतळावर अडकल्यात? ठरलेलं, वाटेतलं आणि पोचलेलं यांचे तीन रकाने वेगळे ठेवा आणि फोन करून विचारा. शिवाय ताडपत्री कसली? चार बाय सहा मीटरची जाड, की बाजारातली पहिल्या वाऱ्यात फाटणारी? एका घराला एक की दोन? हे विचारणारा माणूस लोकांना आवडत नाही. माझ्या मते या नोकरीची निम्मी पात्रता तीच आहे.

जिल्ह्यातली खरी सत्ता तेव्हा प्रमुख जिल्हा अधिकाऱ्याकडे, म्हणजे तिथल्या भाषेत 'सिडिओ साहेबां'कडे, असायची. बैठक त्यांच्या कार्यालयात, नेपाळीत. परदेशी सहकारी दुभाष्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. आपल्याला हिंदी येते, देवनागरी वाचता येते, त्यामुळे महिनाभरात बरंचसं कळायला लागतं. हा आपला मोठाच फायदा. आमच्या एका सिडिओंनी मी नेलेला वीस पानी अहवाल न उघडता बाजूला सारला आणि म्हणाले, "बहिनी, एक पाना दिनुस्. कहाँ कोही पुगेको छैन, त्यति मात्र." कुठे कोणी पोचलेलं नाही, एवढंच द्या. तेव्हापासून मी एक पान आधी करते, बाकीची नंतर.

१२ मेला दुपारी ७.३ चा दुसरा मोठा धक्का बसला, दोलखाच्या बाजूला. ज्यांची घरं नुसती तडकली होती ती बसली. तक्ता तसाच होता, पण त्याखालची जमीन बदलली होती. अशा वेळी जुने आकडे दुरुस्त करत बसू नये. तारीख टाकून ते बंद करावेत आणि नवं पान सुरू करावं.

पुढे पावसाळा. जूनच्या आत छपरावर पत्रे चढले पाहिजेत, हे सगळ्यांच्या डोक्यावर. सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यासाठी कुटुंबामागे १५,००० नेपाळी रुपये जाहीर केले. हेलिकॉप्टर महाग, आणि ढग आले की जमिनीवरच. मग जागतिक अन्न कार्यक्रमाने ट्रेकिंगचा हंगाम बुडालेले हजारो भरिया, म्हणजे ओझं वाहणारे हमाल, कामाला घेतले. त्यांनी आणि खेचरांनी पायवाटा दुरुस्त करत, पाठीवरून सामान वर नेलं. गावाला मजुरी मिळाली, सामानही पोचलं. मला तरी त्या वर्षातली सगळ्यात शहाणी कल्पना हीच वाटते.

भारतीय म्हणून जाताना एक गोष्ट मनाशी ठेवा. व्हिसा लागत नाही, 'ऑपरेशन मैत्री'खाली भारताची मदत काही तासांत पोचली होती, हे सगळं खरं. पण मेच्या सुरुवातीलाच नेपाळी समाजमाध्यमांवर भारतीय वाहिन्यांनी परत जावं असा हॅशटॅग गाजत होता. दुःखाच्या तोंडात माईक खुपसणं लोकांना सहन झालं नाही. सप्टेंबरअखेर सीमेवरची नाकेबंदी झाली, तिचा दोष तिथले लोक भारताला देत होते, इंधन संपलं, तेव्हा चहाच्या टपरीवर मलाही बोल ऐकावे लागले. वाद घालू नये. दाइ-दिदी (दादा-ताई) म्हणावं, ऐकून घ्यावं.

शिरकाव कसा करायचा? एमएसडब्ल्यू, भूगोल, संख्याशास्त्र, इंजिनीअरिंग, कुठूनही येता येतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं रीतसर शिक्षण आहे. 'स्फिअर'ची, म्हणजे मदत किमान कशी असावी हे ठरवणारी जगभर वापरली जाणारी, मानकं पाठच करा: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. एक्सेलमधलं पिव्होट टेबल झोपेत जमलं पाहिजे, त्यानंतर नकाशे बनवायचं क्यूजीआयएस, आणि माहिती गोळा करायच्या कोबो या साधनावर फॉर्म बनवणं. भूकंपाच्या वेळी जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर, नेपाळचे रस्ते आणि वस्त्या रेखाटल्या, आणि 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज'च्या स्थानिक मुलांनी ते काम आधीपासून चालवलं होतं. ते पुण्यातल्या किंवा नांदेडच्या खोलीतूनही करता येतं, आणि फुकट शिकता येतं.

पैशांचं स्पष्ट बोलायचं तर सुरुवातीला करार तीन-तीन महिन्यांचे असतात, मधले महिने कोरडे जातात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. अर्जात 'समाजसेवेची आवड' लिहू नका, ती सगळेच लिहितात. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरासारखी वेळ आली की तालुक्याच्या मदतकेंद्रावर बसून कोणत्या गावात काय पोचलं याची नोंद ठेवा, माणसांची नावं आणि फोन नंबर काढून टाका, आणि तो स्वच्छ केलेला तक्ता अर्जाला जोडा. मुलाखत घेणारे आधी तोच उघडतात.