जुनी कॉर्व्हेअर घेताय? या चुका टाळा

इकडे मिशिगनमध्ये थंडी ओसरली की आपल्या मंडळींपैकी कुणाला तरी जुन्या अमेरिकन गाडीचं खूळ लागतं. मस्टँगच्या किमती ऐकून पाय मागे येतो आणि मग शेवरोलेची कॉर्व्हेअर नजरेत भरते. इंजिन मागे, डिकी पुढे, सहा सिलिंडरचं हवेवर थंड होणारं ॲल्युमिनियमचं इंजिन, रेडिएटरचा पत्ताच नाही. १९६० ते १९६९ या मॉडेल-वर्षांत १७ लाखांहून जास्त निघाल्या, म्हणून अजून बऱ्यापैकी मिळतात. गाडी गोडच आहे. घेणाऱ्यांचा उतावळेपणा मात्र बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी इंजिन बघणं. विकणारा किल्ली फिरवतो, मागून तो फडफड आवाज येतो आणि आपला माणूस विरघळतो. अहो, इंजिन खालून उतरवता येतं, त्याचे भाग आजही नवे मिळतात. पत्र्याचं तसं नाही. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. तो गंजला की चांगल्या इंजिनाचं लोणचं घालायचं का?

ओळखीतल्या एका तरुणाने ओहायोत लाल रंगाची मोंझा, म्हणजे कॉर्व्हेअरचंच एक मॉडेल, तेही कन्व्हर्टिबल, हेरली होती. मी फोनवर बजावलं, पुढच्या सीटखालचं कार्पेट उचल आणि जॅक लावून बघ. तर म्हणे, "काका, विकणारे आजोबा फार भले आहेत, असं खोदून बघणं बरं दिसत नाही." गाडी आली. पहिल्याच पावसात ड्रायव्हरच्या पायाशी पाणी. कार्पेट उचललं तर खाली डांबर फासलेलं, डांबराखाली फायबरग्लासची चादर, आणि चादरीखाली जमीन दिसत होती. मग मी जॅक लावला. मागचं चाक जेमतेम उचललं गेलं आणि उघडा ठेवलेला दरवाजा परत लागेना. कन्व्हर्टिबलला छपराचा आधार नसतो, सगळा भार दाराखालच्या पट्ट्या पेलतात, आणि त्या आतून पोकळ झाल्या होत्या. वर रंग इतका चकचकीत की त्यात भांग पाडावा. शेवटी ती सुट्या भागांच्या भावात गेली. आजोबा भले असतीलही, पण हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर टाकतात त्या पत्रा गंजवणाऱ्या मिठाला त्याचं काय?

माझी सवय सांगतो. खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक असतं. चाकांच्या कमानी, दाराखालची पट्टी आणि पुढच्या काचेचा खालचा काठ, या तीन ठिकाणी ते फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. काचेच्या काठाला पत्रा फुगलेला दिसला की मी चहासुद्धा न घेता परत फिरतो. त्या जागेची दुरुस्ती काच काढल्याशिवाय नीट होत नाही, आणि आत काय निघेल ते काच निघाल्यावरच कळतं.

दुसरी माझी खास चीड तेलाच्या गळतीवर. "थोडं गळतंच हो या गाड्यांचं," असं विकणारा हसून म्हणतो आणि घेणाराही हसतो. या इंजिनात पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, बारा नळ्या आहेत, प्रत्येकीला दोन रबरी रिंगा. मूळच्या रिंगा उष्णतेने काचेसारख्या कडक होतात आणि तेल थेंब थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. व्हायटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराच्या रिंगा घातल्या की प्रश्न मिटतो. पण काही शहाणे नळीच्या मुळाशी सिलिकॉन थापतात. तसं थापलेलं दिसलं तर बाकीच्या गाडीतही असेच उपाय झालेत असं समजा. १९६१पासून हीटरची ऊब थेट इंजिनावरच्या हवेतून घेतलेली आहे. म्हणून इंजिन चांगलं तापल्यावर हीटर लावून आत बसा. जळक्या तेलाचा वास आला तर रिंगा. डोळे चुरचुरले किंवा डोकं जड झालं तर एक्झॉस्ट फुटलाय, ताबडतोब काचा खाली करा आणि बाहेर या. हा विषय चेष्टेचा नाही.

पंख्याचा पट्टा. मागच्या उभ्या पुलीवरून निघून तो काटकोनात वळतो आणि इंजिनावर आडव्या बसवलेल्या पंख्याला फिरवतो. बघितल्यावर वाटतं हे चालतं तरी कसं. नीट बसवला तर छान चालतं. नवशिके तो तारेसारखा ताणतात आणि बेअरिंग खातात. जनरेटरचा दिवा लागला की "घरी जाऊन बघू" म्हणायचं नाही, जागच्या जागी थांबायचं, कारण पट्टा गेला की इंजिन थंड ठेवणारी हवाही गेली. गाडीत जादा पट्टा आणि पाना सापडला तर मालक जाणता आहे, भाव करताना जरा नरमाईने घ्या.

इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या जागेवर आहेत ना बघा. नसतील तर तीच गरम हवा परत आत ओढली जाते.

"ही गाडी उलटते म्हणे," हे प्रत्येकजण ऐकून येतो. अमेरिकेतले ग्राहकहक्कांचे कार्यकर्ते राल्फ नेडर यांनी गाड्यांच्या असुरक्षिततेवरच्या १९६५च्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण हिच्यावर लिहिलं. १९७२च्या सरकारी अहवालाने मात्र तिला तेव्हाच्या इतर गाड्यांहून वाईट ठरवलं नाही. १९६४मध्ये मागच्या सस्पेन्शनमध्ये सुधारणा झाली, १९६५पासून ते पूर्ण बदललं. त्याआधीची घेणार असाल तर टायर बघा. पुढे १५ आणि मागे २६ पौंड हवा, असं कंपनीनेच सांगितलेलं होतं. पंपावाला चारीत ३२ भरतो आणि मग लोक नेडरना आठवतात.

आणि पॉवरग्लाइड, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी बघायला गेलात तर डॅशबोर्डवरच्या त्या छोट्या दांडीवर 'पार्क' शोधू नका, ते दिलेलंच नाही. हँडब्रेक चढावर तपासा, आणि गाडीखाली वाकण्याआधी चाकामागे ठोकळा लावा.