कार्बन फायबरच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

इंटर्नशिपला आलेल्या पोरांचा पहिला प्रश्न हमखास ग्राफीनचा, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या थराचा, असतो. 2004 साली मँचेस्टरमध्ये ते वेगळं केलं, 2010 मध्ये नोबेल मिळालं, सगळं तोंडपाठ. वाचा की, बिघडलं काही नाही. पण आमच्याकडे पगार निघतो तो कार्बन फायबरवर, म्हणजे कार्बनच्या बारीक तंतूंच्या कामावर. विमानाचे भाग, पवनचक्कीची पाती, हायड्रोजनच्या टाक्या, कृत्रिम पाय... मागणी तिथे आहे, आणि तिथे लेअप, म्हणजे तंतूंच्या कापडाचे थर एकावर एक रचणं, येतं का एवढंच विचारतात.

मुलाखतीत ‘पोलादापेक्षा मजबूत’ असं ठोकून देऊ नका. समोरचा लगेच विचारेल, कुठल्या दिशेने? सगळे तंतू एकाच दिशेला असलेल्या इपॉक्सी लॅमिनेटचा (इपॉक्सी या रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेने, जोडलेल्या थरांच्या प्लेटचा) ताठपणा तंतूंच्या दिशेने साधारण 135 गिगापास्कल भरतो, आडव्या दिशेने जेमतेम 10. पोलाद सगळीकडून 200. मग फायदा कसला? वजनाचा: लॅमिनेटची घनता घन सेंटिमीटरला 1.6 ग्रॅम, पोलादाची 7.85. म्हणून भार कुठून येणार ते बघून थर 0, 45, उणे 45, 90 अशा कोनांत रचायचे, तेही जाडीच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे. तो तोल चुकला की ओव्हनमधून प्लेट पापडासारखी वाकडी निघते.

आता प्रीप्रेग, म्हणजे रेझिन आधीच मुरवलेलं कापड. ते उणे 18 अंशांना ठेवतात. रोल बाहेर काढला की पिशवी लगेच फाडायची नाही. गार कापडावर दव धरतं, ते पाणी थरांत अडकतं आणि भट्टीत त्याचे पोकळ बुडबुडे होतात. रोल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत निमूट थांबायचं. घाईच्या माणसाला हे काम सोसत नाही, हे माझं स्पष्ट मत. दुसरं, प्रत्येक थराची बॅकिंग फिल्म, म्हणजे पाठीला चिकटवलेला संरक्षक पापुद्रा, सोलून बाजूला ठेवा आणि शेवटी मोजा. थर जितके, फिल्म तितक्या. एखादी आत राहिली तर वरून काही दिसत नाही, अल्ट्रासोनिक तपासणीत मात्र पकडली जाते.

कापताना मास्क लावाच. ही धूळ वीजवाहक असते, इलेक्ट्रिकल पॅनेलपासूनही लांब ठेवा.

कॉलेजात असाल तर कार्बनवर पैसे घालवू नका. एकाच दिशेचं ग्लास फायबर आणा, हाताने लेअप करा, पट्ट्या 0, 45 आणि 90 अंशांत कापून युटीएमवर (नमुना ताणून तपासायच्या यंत्रावर) तोडा. मुलाखतीला ते तुकडे सोबत न्या.