किनाऱ्यावरच्या वस्तीत सांडपाण्याचा छोटा प्लांट टाकायचाय? आधी ही तयारी करा

मुंबईत मढ, मनोरी, गोराईकडे जिथे घरापर्यंत ड्रेनेज लाईन आलेली नाही तिथे चाळीस-पन्नास घरांनी मिळून प्लांट टाकायचं ठरलं की लगेच कोटेशन मागवतात, ते करू नका, कोटेशन सगळ्यात शेवटी. आधी माणसं मोजा. माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारी हिशोब, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे २०० माणसांचं साधारण २१,६०० लिटर. गणपतीत आणि मे महिन्यात पाहुण्यांनी घरं भरतात तेव्हाचा आकडा वेगळा काढा, प्लांट तुंबतो तो तेव्हाच.

मग जमिनीखालचं पाणी, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. टाकी जिथे बसणार तिथे खड्डा खणा, पुनवेच्या किंवा अमावस्येच्या उधाणाला भरती-ओहोटी दोन्ही वेळेला आत काठी उभी करून पाणी कुठवर आलं त्याची खूण करा, वाडीतल्या जुन्या कोळी काकांना विचारलंत तर तिथीवरून भरतीची वेळ लगेच सांगतील. हेच परत जुलैत करा कारण उन्हाळ्यातली पातळी फसवते. पाणी खारं आहे का ते टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बघा, वॉटर प्युरिफायरवाल्याकडे असतो. एवढा खटाटोप का, तर बाहेर पाणी वर असलं की रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते आणि पाईप तुटतात, म्हणून टाकी भर पावसात पूर्ण उपसायची नाही, उपसा मे महिन्यातच उरकायचा. भेगेतून खारं पाणी आत शिरलं तर त्यातल्या सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि पुढे काँक्रीटही खायला लागतो. सिमेंट कुठलं वापरणार, गळतीची टेस्ट कशी घेणार हे कंत्राटदाराकडून लिहून घ्या. पाणी बाहेर सोडायच्या पाईपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर भरतीचं पाणी उलटं आत येणार.

कागदपत्रांत सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरचे नियम) परवानगी, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी, आणि कांदळवनापासून ५० मीटरच्या आत काही बांधायचं नाही हे नकाशावर आधीच आखून ठेवा.

प्रत्येक मोरीला जाळी आणि ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारा छोटा कप्पा) लावा, मासळी धुतल्याचे खवले आणि तळणीचं तेल इथेच अडलं पाहिजे. संडासात ॲसिड ओतायचं नाही, सॅनिटरी पॅड टाकायचे नाहीत हे घरोघरी जाऊन सांगावं लागतं, नुसता व्हॉट्सॲप मेसेज पुरत नाही, कारण प्लांटमधलं खरं काम जिवाणू करतात आणि ॲसिडने तेच मरतात.

आता प्रकार निवडा. जागा कमी असेल तर ब्लोअरवाला, म्हणजे पंख्याने टाकीत सतत हवा सोडणारा, घ्यावा लागतो, मग स्टँडबाय ब्लोअर, जनरेटर आणि रोज बघणारा माणूस हे तिन्ही आलं. जागा असेल तर आत आडभिंती घालून कप्पे केलेली बंद टाकी आणि पुढे कर्दळ लावलेला खडीचा वाफा, मी तरी हेच सुचवेन, लाईट गेली तरी चालतं. ब्लोअरवाल्यात हवेच्या टाकीतलं लिटरभर पाणी पारदर्शक बरणीत अर्धा तास ठेवून बघायची सवय लावा, गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसलं की ठीक, तरंगत राहिला तर लगेच ऑपरेटरला बोलवा.

आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही, कधीच नाही, कितीही छोटं काम असलं तरी. तो हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस तिथल्या तिथे कोसळतो, वाचवायला उतरणाराही जातो. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेची साधनं न देता कुणाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. लायसनवाल्या व्हॅक्यूम टँकरचा नंबर आणि १४४२० ही गटार-टाकी सफाईची हेल्पलाईन झाकणाशेजारच्या भिंतीवर रंगवून घ्या, झाकणाला कुलूप लावा आणि चावी कमिटीतल्या दोघांकडेच ठेवा.