सेस्मिक सेक्शनवरून समुद्रतळाखालचा गाळ आणि कवच कसे मोजावे

सेस्मिक सेक्शन म्हणजे जहाजावरून सोडलेल्या ध्वनीच्या परतीच्या लाटांवरून काढलेले समुद्रतळाखालचे उभे चित्र. तो उघडला की आधी उभा अक्ष पाहा. तिथे बहुतेक वेळा मीटर नसतात, सेकंद असतात: ध्वनी खाली जाऊन परत येण्याचा वेळ. त्याला खोली समजून वाचले की पुढचे सगळे फसते.

अरबी समुद्रातले लक्ष्मी खोरे घ्या. तळाचा ठळक रिफ्लेक्टर (लाट परतवणाऱ्या थराची रेघ) 4.8 सेकंदांवर आहे असे धरू. निम्मे 2.4, पाण्यातला वेग सेकंदाला 1500 मीटर, म्हणून खोली 3600 मीटर. याच तळाचा मल्टिपल, म्हणजे लाटेची दुसरी फेरी, 9.6 सेकंदांवर उमटेल. तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा. त्याला मोहो, म्हणजे कवच आणि खालचे मँटल यांची सीमा, समजण्याची चूक सर्रास होते. 75 मीटर पाण्यात तर दर 0.1 सेकंदाला मल्टिपल येतो आणि खरे थर त्यात हरवतात.

गाळातल्या ध्वनीच्या वेगाला तळात खोदलेल्या विहिरीचा आधार द्या. 2015 च्या आयओडीपी (समुद्रतळ खोदून अभ्यासणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम) मोहीम 355 मध्ये याच खोऱ्यातल्या यू1457 या जागी सुमारे 1090 मीटर गाळाखाली कवचाचा बेसाल्ट लागला. सरासरी वेग सेकंदाला 2000 मीटर धरला तर बेसाल्टचा माथा तळापासून 1.09 सेकंद खाली यायला हवा. सेक्शनवर तो तिथे नसेल, तर आधी वेग तपासा. रेघ ओढूनताणून जुळवू नका. वरचा विस्कटलेला, थर न दिसणारा पट्टा म्हणजे बेसाल्ट नव्हे, तो समुद्राखाली झालेल्या नटराज भूस्खलनाचा मलबा. बेसाल्टचा माथा खडबडीत असतो, मायग्रेशनपूर्वी (लाटा खऱ्या जागी आणण्याच्या प्रक्रियेआधी) त्यावर हायपरबोला, म्हणजे कमानीसारख्या रेघा, दिसतात आणि वरचे थर त्याला टेकून संपतात.

तळावर 300 मीटरचा उंचवटा असला, तर खालचा सपाट थरही 0.1 सेकंद वर उचललेला दिसतो, कारण तिथे पाण्याच्या जागी जलद गाळ आहे. ती घडी नव्हे. खोलीत रूपांतर केले की ती नाहीशी होते.

कवचाचा वेग मात्र स्ट्रीमरवर, म्हणजे जहाजामागे ओढलेल्या ध्वनिग्राहकांच्या केबलवर, सोडू नका. 6 किलोमीटरच्या केबलला 12 किलोमीटर खोलच्या मोहोचा मूव्हआउट (अंतराबरोबर लाटेच्या वेळेत पडणारा फरक) जेमतेम दिसतो. त्यासाठी तळावर ओबीएस, म्हणजे समुद्रतळावरचे भूकंपमापक, ठेवा. खाली जीपीएस पोचत नाही, म्हणून सोडण्यापूर्वी आणि वर काढल्यावर, दोन्ही वेळा घड्याळ जीपीएसशी ताडून आलेला फरक मधल्या काळावर वाटून घ्या. उतरताना यंत्र प्रवाहाने सरकते. त्याची खरी जागा थेट पाण्यातून आलेल्या लाटेवरून काढा. मग लाटेच्या वेळेतून ध्वनिस्रोतापासून यंत्रापर्यंतचे अंतर (किलोमीटरमध्ये) भागिले 8 वजा करून आलेख काढा. सेकंदाला 8 किलोमीटरने धावणारी मँटलची लाट त्यावर आडवी पडते, कवचातल्या संथ लाटा तिरक्या चढतात.