बांधावरची विहीर कुठल्या गटात?

जीआयएसमधलं (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळायचं तंत्र) माझं पहिलं काम दापोली तालुक्यातल्या एका गावाचं. जमिनीच्या गटांचे पॉलिगॉन (बंद आकृत्या), विहिरींचे पॉइंट, आणि कुठली विहीर कुठल्या गटात ते सांगायचं. क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये 'सिलेक्ट बाय लोकेशन' उघडलं, 'आर विदिन'वर टिक, रन. दोन विहिरी कुठल्याच गटात नाहीत! नकाशात तर ढळढळीत दिसत होत्या.

झूम करत गेलो. दोन्ही सामाईक विहिरी, बरोब्बर बांधावर. डिजिटाइझ करणाऱ्याने पॉइंट गटाच्या कोपऱ्याला स्नॅप केलेला, म्हणजे नेमका चिकटवलेला. 'विदिन'ला पॉलिगॉनचं पोट लागतं, नुसती कड चालत नाही. अशी विहीर दोन्ही गटांना 'टच' होते, 'इंटरसेक्ट'ही होते, 'विदिन' मात्र कुणाच्याच नाही. पोस्टजीआयएसमध्ये (नकाशांच्या डेटाबेसमध्ये) कडेसकट हवं असेल तर एसटी_कव्हर्स हे फंक्शन वापरा.

शेजारचे गट शोधायला 'टच', म्हणजे आपलं बांधाला बांध. पण दोन गटांत चार मिलिमीटरची फट राहिली तरी ते शेजारी राहत नाहीत, आणि एकाने दुसऱ्याचा बांध कोरला असेल तर 'टच' जाऊन 'ओव्हरलॅप' येतो. (माउसने कोरलेले बांध मी कुदळीने कोरलेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत.) म्हणून आधी स्नॅपिंग आणि टोपोलॉजी चेकर (अशा फटी आणि ओव्हरलॅप शोधणारं टूल), मग प्रश्न. गटातून आरपार जाणारा वहाळ किंवा रस्ता मात्र 'क्रॉस'. दोन पॉलिगॉनना 'क्रॉस' विचारलंत तर उत्तर कायम नाहीच येणार.

माझी खरी फजिती सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) कामात झाली. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या पट्ट्यात येणारे गट काढायचे होते. बफर (रेषेभोवतीचा पट्टा) 500 टाकला आणि अख्खा तालुका सिलेक्ट, पार डोंगरावरच्या वाड्यांसकट. लेयर (नकाशाचा थर) ईपीएसजी 4326 या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीत होता, म्हणजे एकक अंश. आकड्याशेजारी 'डिग्रीज' लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. मागून सर म्हणाले, "अरे, अख्खी पृथ्वी फिरून आलास तरी 360च होतात!" कोकणपट्टीसाठी लेयर यूटीएम 43 उत्तर या मीटरवाल्या पद्धतीत, म्हणजे ईपीएसजी 32643 मध्ये, रीप्रोजेक्ट करा (सगळे आकडे त्या पद्धतीत बदलून घ्या), मग मीटरमध्ये बोला. नुसतं लेयरच्या सीआरएसचं (स्थान मोजायच्या पद्धतीचं) नाव बदलू नका. त्याने आकडे तेच राहतात आणि गाव भलतीकडे जातं.

त्या दोन विहिरी शेवटी 'इंटरसेक्ट'ने जोडल्या. प्रत्येकीच्या दोन-दोन ओळी आल्या. हिस्सा कुणाचा किती, ते सातबारा बघून हाताने भरलं.