शेगडीत कोळसा अन् लाकूड सोबत जाळताय? मग वरून पेटवा

चंद्रपूर, घुग्घुस, वणी, बल्लारपूर या खाणीच्या पट्ट्यात थंडी पडली की अंगणात शेगड्या निघतात, आणि आपली नेहमीची पद्धत म्हणजे खाली पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, त्यावर दगडी कोळसा आणि खालून काडी लावायची. घोळ इथंच होतो. खालची आग वरचा कच्चा कोळसा नुसता भाजत बसते, त्यातला डांबरी वायू न जळताच वर निघून जातो, तोच तो डोळे झोंबवणारा पिवळट धूर, आणि हिवाळ्यात पहाटे गार हवा जमिनीलगत साचलेली असते म्हणून तो गल्लीतच फिरत राहतो.

तर उलटं करा. मुठीएवढे कोळशाचे ढेकळं तळाला जाळीवर रचा, पण एकदम गच्च नको, हवा जायला फटी पाहिजेत. त्यावर कागद, वर सुकलेल्या पऱ्हाट्या, मग पेटवा. काड्यांनी चांगला जाळ धरला की वरून मूठभर बारीक कोळसा टाका आणि मग हात लावू नका, ढवळलं की धूर झालाच समजा. आता कोळशाचा वायू वरच्या जाळातूनच जातो आणि जळतो. दक्षिण आफ्रिकेतल्या कोळसा वापरणाऱ्या वस्त्यांमध्ये हीच पद्धत ‘बासा न्जेंगो मागोगो’ नावानं शिकवतात, धूर खरंच बराच कमी होतो.

पेटवायच्या आधी खालची राख झाडा, भोकं बुजली तर काहीच उपयोग नाही. लाकूड वाळलेलं हवं, ओलं असेल तर आगीची बरीच ताकद पाणी उडवण्यातच जाते. गोवरी मुळातच धुरकट, ती टाळलेली बरी. आणि पन्नी, टायरचे तुकडे, दुधाच्या पिशव्या पेटवायला वापरू नका बाप्पा!

आता सगळ्यात महत्त्वाचं. निखारे लाल झाले, धूर थांबला, की लोक शेगडी उचलून खोलीत आणतात आणि दार लावून झोपतात. धूर नाही म्हणजे धोका नाही असं नसतं, लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो, त्याला ना वास ना रंग, आणि वरून पेटवल्यानं तो काही जात नाही. खिडकी जराशी उघडी ठेवली तरी भरवसा नाही. शेगडी बाहेरच राहू द्या, आत गोधडी घ्या. शेगडीजवळ बसलेल्यांचं डोकं दुखायला लागलं, मळमळ, गरगर, गुंगी आली तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा, मग १०८ ला फोन. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून निवांत बसू नका, कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं.

राहिली राख. नुसत्या लाकडाची असेल तर भांड्याला, झाडाला चालते, कोळसा मिसळलेली मात्र वांग्या-मिरचीच्या वाफ्यात टाकू नका, त्यात आर्सेनिकसारखे जड धातू थोडे का होईना असतात. पाणी शिंपडून, पूर्ण विझली याची खात्री करून मगच उचला.